कोरडी काख

कौसाताई फुलांची बादली घेऊन कोल्डरूममध्ये आली आणि बादली ठेवायला वाकली, तेव्हा तिच्या हनुवटीवरून घामाचा थेंब गुलाबाच्या पानावर पडला. सकाळचे साडेसात झाले होते. जानेवारी संपत आला होता. कोल्डरूमचा काटा चारवर होता आणि आम्ही ग्रेडिंगच्या बायका स्वेटरवर स्वेटर चढवून, कानांना रुमाल बांधून दांड्यांची लांबी मापत होतो. हिच्या ब्लाउजची पाठ मात्र पिळून काढावी इतकी भिजलेली होती.

"ताई, बरं नाही का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीये. आत उकडतंय."

"साडेसातला?"

"प्लास्टिकचं घर ते. त्याला काय सात आन् बारा." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पदर काखेवर ओढून घेतला. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "उजू, एक विचारू? तुझे हात असेच घामेजायचे ना? ते कशानं ऱ्हायले?"

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मावळात पवनेच्या काठाला आमचं गाव. गावाच्या वरच्या माळावर ती फुलांची कंपनी होती, अकरा पॉलीहाऊस आणि सगळ्यांत गुलाब. मी बारावी करून तिथे ग्रेडिंगला लागले होते. कौसाताई कटिंगला, सात नंबरच्या पॉलीहाऊसमध्ये. पस्तिशीची बाई, दोन मुली, नवरा मारुतराव कंपनीच्याच टेम्पोवर ड्रायव्हर. मी नवीन असताना दांडी कुठे धरली की काटा लागत नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं.

माझ्या हातांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. लहानपणापासून माझ्या तळव्यांना पाणी सुटायचं. परीक्षेत हाताखाली टीपकागद धरायचा, तरी पेपरवरची शाई फुटायची. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि सोडल्यावर सगळ्यांसमोर पदराला पुसला. ते स्थळ पुढे काही बोललं नाही. मग मी एकटीच तळेगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध द्यायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधीपासून होतं? हातांनाच की अंगभर? झोपेत घाम येतो का? वजन उतरलं का, छातीत धडधडतं का, काम काय करतेस, कशात हात घालतेस? माझं सगळं ऐकून म्हणाले, "हे तुझं जन्माचंच आहे. घाबरण्यासारखं काही नाही." आणि एक छोटी बाटली लिहून दिली. पाण्यासारखं औषध, बाटलीच्या तोंडाला फिरता गोळा. रात्री झोपताना पूर्ण कोरड्या कातडीवर फिरवायचं, सकाळी धुवून टाकायचं. थोडं चुणचुणायचं. पण दीड महिन्यात माझे हात कोरडे झाले. त्या दिवसांत मी उगाचच लोकांच्या हातात हात द्यायचे.

म्हणून कौसाताईनं विचारलं तेव्हा मला आनंदच झाला. माझ्याकडे कुणाला तरी देण्यासारखं काहीतरी होतं.

"उद्या आणते तुझ्यासाठी," मी म्हणाले. "माझ्याकडे एक नवीन बाटली पडून आहे."

"काखेत चालंल?"

"काखेसाठीच असतं खरं तर."

"दे बाई. परवा टिळेकर सायबानं माझ्यादेखत नाकाला रुमाल लावला. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

टिळेकर आमचे सुपरवायझर. मी दुसऱ्या दिवशी बाटली आणली, पाण्याच्या टाकीमागे नेऊन कौसाताईच्या हातात दिली आणि डॉक्टरांनी मला सांगितलं तसं सगळं सांगितलं. रात्री लाव. अंग कोरडं असू दे. कातडी सोललेली असेल तर लावू नको. तिनं दोनदा म्हणून दाखवलं.

"पाठीला पन लावू का?"

"नको, अंगभर लावायचं नसतं. काखेपुरतंच."

"आन् मंग अंगाचा घाम?"

"तो जाईल हळूहळू," मी म्हणाले. का म्हणाले, मला ठाऊक नाही. तसं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या पंधरवड्यात कंपनीत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चौदा फेब्रुवारीच्या ऑर्डरी होत्या. एरवी फवारणी दुपारी उशिरा व्हायची. मग पॉलीहाऊस बंद करून दाराला लाल फीत बांधायची, ती दुसऱ्या दिवशी सुटायची. तोवर आत कुणी जायचं नाही. त्या पंधरवड्यात लाल फिती दिसेनाशा झाल्या. पहाटे फवारणी आणि सात वाजता बायका आत. पडदे सोडलेले, पानं ओली, आणि आत लसूण ठेचल्यासारखा दर्प. एका बाईनं कुरकुर केली तर टिळेकर म्हणाले, "थंडीत औषध खाली बसतं. तुम्ही वर फुलं तोडायची, खाली कशाला बघता?"

आठवड्यानं कौसाताई जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिनं हात जरासा वर केला. ब्लाउजची काख कोरडी होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सासूनं बी इचारलं, अत्तर लावतीस का म्हून."

मी हसले. तीही हसली, पण हसताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती तिनं पदरानं टिपली. तिचे डोळे लाल होते आणि पाण्यानं भरलेले होते. डाव्या डोळ्याची पापणी आपोआप उडत होती, थांबत नव्हती.

"डावा डोळा लवतोय ताई तुझा," समोर बसलेली एक बाई म्हणाली. "काहीतरी चांगलं व्हनार बघ."

"दोन दिस झाले लवतोय. लईच चांगलं व्हनार दिसतंय."

सगळ्या हसल्या. कौसाताईनं डब्यातली भाकरी अर्धी खाल्ली आणि अर्धी कुत्र्याला टाकली. पोटात कळ येते म्हणाली. मी तिला लिंबू-सरबत घे म्हणून सांगितलं. तिच्या पाठीकडे माझं लक्ष गेलं होतं. पाठ अजून तशीच भिजलेली होती, पहिल्यापेक्षा जास्तच. पण मी काखेवर खूश होते.

गुरुवारी सकाळी साडेदहाला सात नंबरमधून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. कौसाताई दोन वाफ्यांच्या मधल्या वाटेत कुशीवर पडली होती. तोंडाला फेस आला होता, लुगडं खालून ओलं झालं होतं. दंडाचं मांस कातडीखाली किडे वळवळावेत तसं हलत होतं. श्वास घेताना तिच्या घशात पाणी खळखळत होतं. बायकांनी तिला उचलून बाहेर सावलीत आणलं. मारुतराव टेम्पो घेऊन आले. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि मागचं फळकं पाडलं.

"बरोबर एक बाई लागेल," टिळेकर म्हणाले. "उज्ज्वला, तू चल."

मी चढणार तेवढ्यात त्यांनी मला नळापाशी बोलावलं. चेहरा शांत होता.

"ती अंगाला कसलं औषध लावत होती?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बायकांच्या पोटात काही राहतं का? हे बघ, डॉक्टरांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, ही कसलंसं लोशन लावत होती, त्याची रिअॅक्शन आली. फवारणी परवा झाली."

"आज पहाटे झाली, साहेब."

"परवा झाली," ते म्हणाले. "आणि लोशन कुणी दिलं, ते मी कुणाला सांगणार नाही. काळजी करू नको."

मी मान हलवली. ती मान मी हलवली होती, हे मला कुणापासून लपवायचं नाही.

टिळेकर पुढे मारुतरावांशेजारी बसले. मागे मी कौसाताईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खाली गुलाबाची पानं पसरलेली होती. वाटेत ती एकदा डोळे उघडून म्हणाली, "समदं धुरकट दिसतंय गं," आणि पुन्हा डोळे मिटले. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. औषध मी दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या नावाची, आणि औषध मी हिला दिलं. ही मेली तर माझ्या औषधानं मेली.

हमरस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात आम्ही तिला नेलं. तिथल्या डॉक्टर नाईकवडे म्हणून बाई होत्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कौसाताईच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि नर्सला म्हणाल्या, "बाहुल्या बघ. टाचणीच्या टोकाएवढ्या." मग आमच्याकडे वळल्या. "कुठे काम करते ही?"

"फुलांच्या कंपनीत," टिळेकर म्हणाले.

"फवारणी?"

"ती परवाच झाली, मॅडम. आणि आत माणसं नसताना होते. ही बाई अंगाला कसलंसं लोशन लावत होती म्हणे. त्याचीच रिअॅक्शन असणार."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. पण थांबल्या नाहीत. इंजेक्शन भरलं, शिरेत दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. पुन्हा दिलं. दर वेळी कौसाताईच्या काखेत कापूस फिरवून बघत होत्या.

"कशाला बघताय काखेत?" नर्सनं विचारलं. नवीन मुलगी होती.

"विषबाधा असेल तर ह्या इंजेक्शनानं अंगातलं पाणी आटत जातं. काख कोरडी झाली की डोस पुरत आला समजायचं. जास्त गेला तर बाई भ्रमिष्ट होईल, हृदय धावायला लागेल." त्यांनी कापूस उजेडात धरला. "कोरडी आहे. आधीपासूनच कोरडी वाटत होती. कदाचित विषबाधा नसेलच. की पुरलं असेल? थांबू या जरा."

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

कौसाताईच्या घशातली खळखळ थांबलेली नव्हती. मला ती दारापाशी ऐकू येत होती. मारुतराव टोपी हातात धरून भिंतीला टेकले होते. टिळेकर माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. ती काख का कोरडी आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. टिळेकरांनाही ते समजलेलं नव्हतं. बोलले तर मी त्यांच्या हातात आयतीच सापडणार होते. नाही बोलले, तर डॉक्टर त्या कापसाकडे बघून थांबून राहणार होत्या. मी किती वेळ गप्प उभी होते, ते सांगता येत नाही. एक मिनिट असेल, तीन असतील. तेवढ्यात कौसाताईचे ओठ निळे पडत गेले.

"डॉक्टर, काखेत नका बघू," मी म्हणाले.

"काय?"

"काखेत घाम थांबायचं औषध लावलंय. अकरा दिवस रोज. मीच दिलं होतं. फक्त काखेत लावलंय. पाठ बघा."

त्यांनी कौसाताईला कुशीवर वळवलं आणि ब्लाउजखालून पाठीवर हात फिरवला. हात बाहेर काढला तो ओला होता. छातीला नळी लावून त्या काही वेळ ऐकत राहिल्या. मग सिरिंज उचलली.

"हिची छाती अजून पाण्यानं भरलेली आहे. दुप्पट काढ," त्या नर्सला म्हणाल्या. आणि मान वर न करता मला म्हणाल्या, "फवारणी कधी झाली?"

"आज पहाटे साडेपाचला. सातला ह्या बायका आत गेल्या. पंधरा दिवस रोज असंच चाललंय. लसणीसारखा वास येतो. डब्यावर विषाचा लाल त्रिकोण आहे."

"ही पोरगी स्वतःची चूक झाकायला बोलतेय, मॅडम," टिळेकर म्हणाले. "आत्ताच कबूल केलं ना तिनं, औषध हिनंच दिलं."

"त्या औषधानं बाहुल्या अशा होत नाहीत." डॉक्टर मारुतरावांकडे वळल्या. "तुम्ही नवरे ना? तुम्ही सांगा. आज फवारणी झाली का?"

मारुतरावांनी टिळेकरांकडे पाहिलं. मग टोपीकडे पाहिलं.

"मी गाडीवर असतो," ते म्हणाले. "मला म्हाईत न्हाई."

रोज पहाटे औषधाचे डबे स्टोअरमधून पॉलीहाऊसच्या दारापर्यंत त्यांच्याच टेम्पोतून यायचे.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. इंजेक्शनं देत राहिल्या आणि मधूनमधून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाला फोन करत राहिल्या. दुपारी दोनला रुग्णवाहिका आली. कौसाताईला आत ठेवताना डॉक्टरांनी माझा दंड धरला. "तिथे पोचल्यावर पहिल्यांदा ते काखेचं सांगायचं. विचारायची वाट बघू नको." मी सांगितलं. पुढचे दोन दिवस जो डॉक्टर, जी नर्स तिच्याजवळ येईल, त्या प्रत्येकाला सांगत राहिले.

कौसाताई तेरा दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि जगली.

मी तिसऱ्या दिवशी कंपनीत गेले तर वॉचमननं मला फाटकातून आत घेतलं नाही. तोवर गावात बोललं जात होतं की उजीनं कसलं तरी जालीम औषध दिलं आणि कौसा मरता मरता वाचली. एका सकाळी मारुतराव आमच्या अंगणात आले. घरात आले नाहीत, उभ्यानंच माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोरीला आवरा. लोकांच्या बायकांवर डॉक्टरकी करती." मला वाटलं होतं मारुतराव माझ्याकडे बघणार नाहीत. पण ते सरळ माझ्याकडे बघून बोलले. त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसलेला होता.

पुढे डॉ. नाईकवड्यांनी विषबाधा म्हणून लिहिलेल्या कागदावरून कंपनीत चौकशी आली. टिळेकरांची बदली झाली, आणि पॉलीहाऊसच्या दारांना पुन्हा लाल फिती दिसायला लागल्या, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही. तळेगावला एका औषधांच्या कारखान्यात मला पॅकिंगचं काम मिळालं होतं. डॉ. नाईकवड्यांनीच ते बघून दिलं.

मे महिन्यात कौसाताईचा निरोप आला, भेटायला ये म्हणून. मारुतराव घरी नसतील अशी वेळ काढून मी गेले. ती ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. पायांत जोर राहिला नव्हता. उठताना थोरली मुलगी हात द्यायची. बोटं थरथरायची, म्हणून चहा ती कपातून न पिता पेल्यातून प्यायली, पेला दोन्ही हातांनी धरून.

"समदे तुला नावं ठेवत्यात, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "ह्यांनी बी ठेवली. मी न्हाई ठेवत. पुन्याच्या डाक्टरनं मला सांगितलंय. ती पोरगी बोलली नसती तर तू दुपार बघितली नसतीस, म्हनला."

तीन महिने हे वाक्य मी कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबले होते.

"आन् तुझं औषध बी वाईट नव्हतं," ती पुढे म्हणाली. "लागू पडलं व्हतं मला. तुला सांगायचंच ऱ्हायलं. त्या गुरवारच्या आधी सोमवार व्हता ना, त्या दिशी मी काम सोडनार व्हते. जीव लई घाबरा व्हायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची. ह्यांना सांगून टाकलं, मी जाते म्हायेरला, व्हईल ते व्हईल. धाकटीची कापडं बी पिशवीत भरली व्हती. आन् सकाळी अंघुळीला बसले तर काय, दोन्ही काखा कोरड्या ठाक. म्हनलं, अगं, मी तर बरी व्हाया लागले. उतारच पडला की. मंग कशाला जायाचं म्हायेरला?" तिनं पेला खाली ठेवला. "पिशवी मोकळी केली आन् ग्येले कामावर. चांगलं चार दिस ग्येले."

ती माझ्याकडे बघून हसली. माझं मन राखायला ती हे सांगत होती. थोरल्या मुलीनं विचारलं, आणखी थोडा चहा घेणार का. मी हो म्हणाले.

आम्ही अजून एकमेकींकडे जातो. माझ्या लग्नात ती काठी टेकत आली होती. पुढे मारुतरावही माझ्याशी नीट बोलायला लागले. त्या सोमवारबद्दल ती कुणालाही कौतुकानं सांगते, उजूच्या औषधानं गुण आला होता म्हणून. मी शेजारी बसलेली असले तरी सांगते. आणि मी एकदाही तिला सांगितलेलं नाही, की ताई, तो गुण नव्हता.